स्टेपनीला कळतं

घरात

पोरीला स्टेपनी हे नाव आजोबांनी ठेवलं. ते त्यांना ठेवायचं होतं की जीभ घसरून पडलं, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. जन्मभर शहरातल्या बसचं चाक फिरवलेला माणूस. पोर जन्मायच्या आधीच पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तो पुढे बराचसा सावरला. पाय ओढत का होईना, चालायला लागले. बोलणं मात्र गेलं ते गेलंच.

गेलं म्हणजे बंद पडलं नाही. बोलणं धो धो चालू होतं. फक्त शब्द आपापल्या जागेवरून उठून भलत्याच ठिकाणी जाऊन बसले होते. चमच्याला चावी. पाण्याला रस्ता. "रस्ता दे," म्हणायचे आणि हात पुढे करून थांबायचे. कुणी हललं नाही की भडकायचे. एवढं स्वच्छ सांगतोय, बहिरे आहात का सगळे?

डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला समजावलं होतं, त्यांना आतून सगळं कळतं. बाहेर पडताना शब्द चुकतो, आणि चुकला हे त्यांचं त्यांना ऐकू येत नाही.

लेक म्हणजे स्टेपनीची आई. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नवरा ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर. स्टेपनी तेव्हा नुकती भिंत धरून चालत होती. 'आई', 'बाबा', 'नको' एवढीच तिची पुंजी. मग दिवसभर घरात कोण? एक म्हातारा, ज्याचे शब्द हरवले होते, आणि एक पोर, जिला ते अजून सापडले नव्हते. शेजारीण मधूनमधून डोकावून जायची, दुपारी दोघांना वाढून द्यायची, आणि जाताना म्हणायची, "तुमच्याकडे काही कटकट नाही बाई. दोघंही एकमेकांवर खूश."

खूश होतेच.

सुरुवातीला आजोबांचा शब्द रोज बदलायचा. पाणी आज रस्ता, उद्या फळी, परवा मेहुणा. "मेहुणा दे" म्हटल्यावर जावई उठून म्हणाला होता, "मेहुणा नाही हो बाबा मला, असता तर दिला असता." पण स्टेपनीने पहिल्यांदा ऐकलेला रस्ता घट्ट धरून ठेवला. आजोबा 'फळी' म्हणाले की ती कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघायची आणि ठणकावून सांगायची, "लत्ता." आजोबा थबकायचे. "हां हां. रस्ता." असं करत करत तिने आजोबांचे शब्द एकेक खिळा ठोकून पक्के केले. चमचा म्हणजे चावी, मग ती रोज चावीच. झोप म्हणजे डेपो. भीती म्हणजे तारीख. दुखणं म्हणजे साबण. नात आजोबांकडून बोलायला शिकत होती आणि आजोबा नातीकडून. दोघं जे शिकत होते, ते या घराच्या उंबऱ्यापलीकडे कुणाच्याही कामाचं नव्हतं, एवढंच.

आणि त्या उंबऱ्याची आठवण ठेवायला हवी होती ती आईने.


घरात, तरीही

आईला वाटलं, किती बरं झालं.

तोवर घरात भांडी आपटण्याचे आवाज होते. आजोबांनी फेकलेला पेला, आजोबांनी लाथाडलेलं स्टूल. आता ती कामावरून यायची तर दोघं खिडकीशी बसून खालच्या गाड्यांवर चर्चा करत असायचे, आणि आजोबा हसत असायचे. काय बोलताहेत हे कळलं नाही तर घरात एकच तोड होती, "स्टेपनीला विचार. स्टेपनीला कळतं."

"काय म्हणतात गं आजोबा?"

"म्हणतात, चावी खरकटी आहे. दुसली दे."

मग हळूहळू सगळ्यांनाच सवय लागली. बाप पोरीला खांद्यावर टाकून ओरडायचा, "चला, शेवटची गाडी डेपोत!" पोरगी पडली तर आई धावायची, "कुठे साबण? इथे साबण?" आणि गुडघ्यावर फुंकर घालायची. पाहुणे आले की हा सगळा खेळ त्यांना दाखवला जायचा. पाहुणे पोट धरून हसायचे. आजोबांना वाटायचं, आपण काहीतरी छान बोललो. ते खरंच होतं.

पोर आहे, शाळेत गेली की होईल नीट, असं एकदा नवरा म्हणाला. आई हो म्हणाली. तिला ते पटलं होतं असं नाही. तिला तो विषय तिथेच संपायला हवा होता.


शाळेत

शिशुवर्गाच्या बाईंनी फोन केला तेव्हा आईच्या हातात अर्धवट घासलेली काच होती.

झालं होतं ते असं. वर्गाच्या दारात स्टेपनीचं बोट चेमटलं. ती किंचाळली, "साबण! साबण! बाई, साबण!" बाई फळ्याशी होत्या. दाराशी मावशी होत्या. त्यांनी पोरीचे रंगाने माखलेले हात पाहिले, त्यांना वाटलं हात धुवायचे म्हणून हट्ट करतेय. त्यांनी तिला उचलून नळावर नेलं आणि ते चेमटलेलं बोट साबण लावून खसाखसा चोळलं. स्टेपनी जितकी जोरात साबण म्हणून ओरडली, तितका मावशींनी आणखी साबण लावला.

आई पोहोचली तेव्हा मावशीच रडत होत्या. "ताई, मला काय माहीत हो? ती मागत होती, मी लावत होते."

बोटाला पट्टी होती. स्टेपनी कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसली होती. आईला बघून ती आली नाही. तिने फक्त विचारलं, "आई, यांना ऐकू येत नाही का?"

बाई कडक नव्हत्या. कडक असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी दोन खुर्च्या जवळ ओढल्या आणि सांगितलं, "हुशार आहे हो. कोडी सगळ्यात आधी सोडवते. पण तिला तहान लागली तर मला कळत नाही. घाबरली तर कळत नाही. आता मुलं तिला चिडवायला लागलीत. परवापासून ती मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खाते. वर्ष संपल्यावर पहिलीत पाठवायचं की मागच्या इमारतीतल्या वर्गात, हे मला लिहून द्यावं लागेल."

मागच्या इमारतीतला वर्ग आईला माहीत होता. जी मुलं बोलतच नव्हती, ती तिथे असायची.

"ती बोलते," आई म्हणाली. "घरी दिवसभर बोलते."

"कुणाशी?" बाईंनी विचारलं.


वाचा-तज्ज्ञांच्या खोलीत

चित्रं दाखवली. स्टेपनीने एकाही चित्रापाशी अडखळून विचार केला नाही. चमचा: चावी. पलंग: डेपोची गाडी. नळ: रस्ता येतो ते. रडणारा मुलगा: त्याला साबण झालाय, म्हणून आईची वाट बघतोय, आणि आई आली नाही तर त्याला तारीख वाटेल.

तज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला. चष्मा नाकावर घट्ट बसत होता, हे आईच्या लक्षात आधी आलं, बोलणं नंतर.

"दोष काही नाही. वाक्यं तर वयाच्या पुढची आहेत. भाषा ती उत्तम शिकलीय. फक्त ती भाषा दोनच माणसांची आहे."

"मग काय करायचं?"

"योग्य शब्द. सगळ्यांनी, सगळा वेळ. तिने चुकीचा शब्द वापरला की वस्तू द्यायची नाही, रागवायचंही नाही. नाव सांग, मग देते, एवढंच. आणि आजोबांबरोबरचा वेळ..." त्यांनी टेबलावरची चित्रं गोळा केली. "निदान पहिलीत जाईपर्यंत कमी करता आला तर बघा."

"बाबांचं ऐकणारं दुसरं कुणी नाही. ती गेली तर त्यांच्याशी बोलणार कोण?"

तज्ज्ञ बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या वाईट नव्हत्या. कुणीच नव्हतं.

"माझ्याकडे तुमची मुलगी आली आहे," त्या म्हणाल्या.


घरात, नियम

"डेपो बंद," नवऱ्याने जाहीर केलं, आणि कुणीच हसलं नाही.

शाळा सुटल्यावर स्टेपनी पाळणाघरात जायला लागली. संध्याकाळी आई तिला घेऊन यायची. आजोबा दुपारपासून खिडकीशी बसलेले. दार उघडलं की ते सगळा दिवस एकदम बोलायला घ्यायचे, आणि आई मध्येच म्हणायची, "बाबा, तिला हातपाय धुवू दे." मग खाणं. मग अभ्यास. मग "बाबा, तिचे डोळे मिटायला लागलेत."

त्यांना समजावून सांगितलं होतं. आईने समोर बसून, हात हातात घेऊन, सावकाश सांगितलं होतं. त्यांना कळलं. त्यांना सगळं कळायचं. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लांबलचक बोलले. त्यात 'स्टेपनी' सोडला तर एकही शब्द तिला लागला नाही. तिने सवयीने पोरीकडे बघितलं, आणि मग आठवण झाली, विचारायचं नाही.

पोर झपाट्याने शिकली. कपडे बदलावेत तसे शब्द बदलले तिने. आधी अडखळायची, "र... पाणी." मग अडखळणंही संपलं. शाळेतून कौतुक येऊ लागलं. मधल्या सुट्टीत एक मैत्रीण झाली. एका वाढदिवसाला बोलावणं आलं. तिथे तिने माईकवर स्वतःचं नाव आणि पत्ता सांगितला, टाळ्या मिळवल्या. आई त्या दिवशी मनापासून आनंदली. हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढे तिने स्वतःशी उगाळत बसताना ते कधी हिशेबात धरलं नाही.

शिकलेलं पोर शिकवायला लागतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती ओट्याशी कांदा चिरत होती. बाहेरून आवाज आला.

"रस्ता."

"पाणी म्हणा. मग देते."

"रस्ता दे गं."

"रागवत नाहीये मी, आजोबा. नाव सांगा, मग देते. माझ्या तोंडाकडे बघा. पा... णी."

आई सुरी तशीच धरून दारात आली. स्टेपनीने भरलेला पेला दोन्ही हातांनी पाठीमागे लपवला होता. ती अगदी प्रेमाने उभी होती, आईच्याच थाटात मान तिरकी करून. आजोबा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी ओठ तसेच मिटले, तसेच उघडले. गळ्याची शीर ताठ झाली. आणि पूर्ण विश्वासाने, आता जमलं अशा चेहऱ्याने ते म्हणाले, "रस्ता."

"चूक," स्टेपनी म्हणाली. "पुन्हा."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांना कुठूनतरी उमगलं, की ही जे मागतेय ते आपल्या तोंडातून येत नाहीये. इतकी वर्षं जे त्यांना ऐकू येत नव्हतं, ते त्यांनी नातीच्या चेहऱ्यावर वाचलं. त्यांनी तोंड मिटलं.

आईने पोरीच्या हातातून पेला ओढून घेतला आणि बाबांच्या ओठांना लावला. पाणी सदऱ्यावर सांडलं.

"आई! तू चीटिंग केलीस!" स्टेपनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते आता कधीच नाही शिकणार!"


दुकानात

"कुठे साबण? नाकावर की कानामागे?"

गिऱ्हाईक बघतच राहिलं. नवी फ्रेम कानामागे टोचते म्हणून बिचारा आला होता.

"म्हणजे, दुखतंय कुठे?" आईने घाईने फ्रेम काढून घेतली आणि गरम हवेच्या यंत्रासमोर धरली. दांडी नरम झाली, वाकली.

मालक गल्ल्यावरून म्हणाला, "ताई, आता चष्म्याबरोबर अंघोळपण घालणार का?"

ती हसली. घरात आता तो शब्द कुणाच्याच तोंडी नव्हता. तिच्या तोंडात तेवढा तो उरला होता, आणि तोही असा भलत्याच माणसासमोर निसटला.


घरात, शब्द सुटतात

आजोबा बोलायचे कमी झाले. सुरुवातीला वाटलं, रुसले आहेत. मग आईच्या लक्षात आलं, की जे थोडं बोलतात तेही आता लागत नाही. पाणी आता रस्ता राहिलं नव्हतं. ते कधी बटण होतं, कधी सोमवार. पोरीने ठोकलेले खिळे एकेक करून निखळले. धरून ठेवणारं समोर कुणी नव्हतं, मग शब्द राहायचे कशाला?

नवरा म्हणाला, "अगं, वयही झालं त्यांचं."

"दोन महिन्यांत होतं का वय?"

"मग आता काय, पोरीला परत तसं बोलायला लावायचं?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हणतेस?"

तिने चादरीच्या घड्या घातल्या, त्या मोडल्या, पुन्हा घातल्या.

"मीच शिकते," शेवटी ती म्हणाली. "मी बसते त्यांच्यापाशी. ते म्हणतील ते मी धरून ठेवते, तिने धरलं तसं."

ती बसलीही. सुट्टी घेऊन बसली. पण ते बटण म्हणाले की तिच्या डोक्यात आधी बटणच यायचं. ते हुसकावून तिथे पाणी बसवायचं, तोवर बाबा पुढे गेलेले असायचे. पोरीला ते हुसकावावं लागलं नव्हतं. तिच्या डोक्यात तेव्हा जागा रिकामी होती. आईच्या डोक्यात कधीपासून सगळं भरलेलं, आणि ते भरलं होतं कुणी? त्यांनीच. तिला बोटाला धरून, बसमध्ये स्वतःमागच्या सीटवर बसवून, रस्त्यावरची एकेक पाटी वाचायला लावून.


दारात

बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. "पहिलीत," त्या म्हणाल्या, आणि आईचा हात दाबला. "लिहून दिलंय मी. शंकाच नाही."

स्टेपनीने रस्ताभर उड्या मारल्या. तिला आता स्टेपनी म्हटलेलं आवडत नव्हतं. शाळेतलं नाव घ्यायचं, असं तिने बजावलं होतं, आणि घरात सगळे चुकतमाकत ते घेत होते. आजोबांना ते घेता येत नव्हतं. ते तिला कसलीच हाक मारत नव्हते.


घरात, रविवार, दुपार

आजोबा अचानक बोलायला लागले.

"दोरी," ते म्हणाले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उठले. "दोरी. दोरी गं."

आई धावली. पाणी आणलं, त्यांनी ढकललं. औषध दाखवलं. नाही. मोरीकडे न्यायला हात धरला; तिथेच पाय रोवून उभे. चष्मा? घातलेलाच होता. शाल? उन्हाळा होता, तरी आणली. नवऱ्याने खिडकी उघडली, मग लावली. "कुठे दुखतंय का? बाबा, छातीत? डोक्यात?" तिने त्यांच्या अंगावर ठिकठिकाणी हात ठेवून पाहिला. ते प्रत्येक ठिकाणी मान हलवत होते, आणि त्यांचा आवाज चिडका नव्हता. चिडके असते तर तिला ओळखीचं वाटलं असतं. ते विनवत होते. ती वस्तू, किंवा ती आठवण, किंवा ते माणूस, जे काही असेल ते, दोन पावलांवर असावं तसे विनवत होते.

"डॉक्टरला फोन करू?" नवरा म्हणाला.

"आणि सांगणार काय? दोरी म्हणतात म्हणून?"

स्टेपनी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"ऐक. आजोबा काय म्हणतात गं?"

पोरीने वर पाहिलं नाही. हातातला खडू मात्र थांबला.

"तुला कळतं. तुला आधी सगळं कळायचं. सांग ना, त्यांना काय हवंय?"

"मी चुकीचं नाही बोलणार."

"चुकीचं नाही गं. मला फक्त..."

"तू बघतेयस मी चुकते का." ती उठून बसली. तिचा चेहरा उतरला होता. "बाई म्हणाल्या, मी आता एकदापण चुकत नाही. मग मला पहिलीत घेतलं."

"घेतलंय. आता कुणी काढत नाही. आईची शपथ. आजच्या दिवस चालेल चुकलेलं. माझ्या कानात सांग हवं तर."

आईने कान पुढे केला. तिला पोरीचा श्वास कानाला लागत होता. तो बराच वेळ लागत राहिला. मागे आजोबा थांबले होते. तेही वाट बघत होते. सगळं घर त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होतं, आणि आईला एकाएकी वाटलं, आता आपण तेच करतोय, पेला पाठीमागे लपवून उभे आहोत.

पोरीला आठवत नव्हतं, की आठवत असून ती सांगत नव्हती? की हा शब्द तिच्या वेळी नव्हताच, आजच कुठूनतरी सुटून आला होता? तिन्ही गोष्टी त्या चेहऱ्यावर सारख्याच दिसत होत्या. चष्मे बसवून बसवून आईला माणसांचे चेहरे जवळून बघायची सवय होती. त्या सवयीचा काही उपयोग झाला नाही.

"दोरी म्हणजे दोरी," स्टेपनी स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली.

आणि ती उठली. गॅलरीत गेली, स्टुलावर चढली, कपडे वाळत घालायची जास्तीची दोरी खुंटीवरून काढली. ती नीट दोन्ही हातांत धरून आणली आणि आजोबांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या, आजोबा. बरोबर बोललात तुम्ही," ती म्हणाली. "शाबास."

आजोबांनी दोरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती हसत होती, त्यांच्यासाठी आनंदून.

"हां," ते म्हणाले.

आणि तिला बरं वाटावं म्हणून, धडधाकट हाताने, ते त्या दोरीची गुंडाळी करायला लागले.